खालच्या उजव्या दाढेची सद्यस्थिती

निसर्गाने माणसाला हृदय एक दिले, यकृत एक दिले, डोकेसुद्धा (काटकसर म्हणून) एकच दिले. दात मात्र बत्तीस दिले. त्याआधी दुधाच्या दातांचा एक संच नमुना म्हणून वापरायला दिला, तो वेगळाच. यावरून दातांच्या टिकाऊपणाबद्दल निसर्गाला मुळातच भरवसा नव्हता हे सिद्ध होते. एवढी मुबलक तरतूद असताना माणसाने वर दातांची काळजीही घ्यायची, हा निसर्गाच्या नियोजनाचा अवमान आहे, असे वसई पूर्वेला गोखिवऱ्यातल्या मोगरा सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सचिव श्री. श्रीरंग आंब्रे यांचे स्पष्ट मत होते. आणि ते मत ते शिल्लक सत्तावीस दातांच्या बळावर ठामपणे मांडत असत.

आंब्रे चौतीस वर्षे मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत होते आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. या काळात त्यांना एक सत्य गवसले होते. कोणतेही प्रकरण घाई न करता टेबलावर राहू दिले, की ते आपोआप मिटते. (ज्यांची प्रकरणे अशी मिटली, त्यांचे मत विचारण्याची पद्धत त्या कचेरीत नव्हती.)

मार्चमधल्या एका बुधवारी सौ. आशालता आंब्रे यांनी अर्नाळ्याच्या कोळणीकडून घेतलेले सुके बोंबील भाजून ताटात वाढले. तिसऱ्या बोंबलाला खालच्या उजव्या दाढेत काहीतरी कचकन मोडले. आंब्र्यांच्या डोळ्यांपुढून अर्नाळ्याचा किल्ला, किल्ल्यामागचा समुद्र आणि समुद्रामागचे उरलेले जग क्रमाने तरळून गेले.

"काय झालं हो?" आशालताबाईंनी विचारले.

"बोंबील यंदा जरा कडक आहेत," आंब्रे म्हणाले आणि पुढचा घास डावीकडे घेतला.

जिभेने ताबडतोब जागेची पाहणी केली. जिभेच्या अहवालानुसार तिथे एक विहीर पडली असून तिला कठडाही नव्हता. आंब्र्यांनी न्हाणीघरात जाऊन आरशात पाहिले. आरशाच्या अहवालानुसार तिथे तिळाएवढा काळा ठिपका होता. दोन अहवालांत तफावत आली की तिसरा मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी लागते. तिसरा अहवाल कोणाकडून मागवायचा, हे आंब्र्यांनी मुद्दाम ठरवले नाही. तातडीच्या उपाययोजना मात्र लगोलग अमलात आल्या. त्या अशा:

एक. चावण्याची सर्व वाहतूक डाव्या बाजूने वळवण्यात आली. (उजवी बाजू वरणभात, ताक व तत्सम हलक्या पदार्थांसाठी खुली राहील.)

दोन. दाढेत लवंग ठेवण्यात आली. ती चुकून गिळली गेल्यावर दुसरी ठेवण्यात आली. एप्रिल-मे या दोन महिन्यांत घरात लवंगांचा खप एवढा वाढला, की आशालताबाईंनी मसालेभात करणे सोडून दिले.

तीन. दात घासताना उजवीकडचा खालचा कोपरा वगळण्यात आला. दुखऱ्याला डिवचू नये, ही आपली संस्कृती आहे.

चार. जाणकारांचा सल्ला घेण्यात आला. एकूण तेरा जाणकार. त्यांत औषधांच्या दुकानातले दोन, केस कापणारा एक, सोसायटीचा पंप दुरुस्त करणारा एक, ज्याच्या मेहुण्याची दाढ पूर्वी दुखली होती असा रिक्षावाला एक, आणि बाकीचे सकाळी तलावाकाठी फिरायला येणारे निवृत्त गृहस्थ. दंतवैद्य निरंक. दंतवैद्याला विचारले नाही, कारण दातांच्या बाबतीत त्याचे मत एकतर्फी असणार.

एप्रिलमध्ये दाढेला थंड पाणी लागले. मेमध्ये आमरस लागला. जूनमध्ये गरम चहा, आणि जुलैत नुसता वारा. रिक्षात आंब्रे तोंडावर रुमाल धरून बसू लागले. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, कोणतीही कार्यवाही न करता, दुखणे एकदम थांबले. थंड लागेना, गरम लागेना, वारा तर लागायचे नावच घेईना. आंब्र्यांनी रोजनिशीत लिहिले, 'प्रकरण निकाली.' चौतीस वर्षांची साधना फळाला आली होती. हा आनंद कोणाला सांगावा असे त्यांना फार वाटले. पण दुखण्याचीच वाच्यता केलेली नसल्यामुळे बरे झाल्याची करता येईना.

ऑक्टोबरात परिसरातल्या सोसायट्यांच्या महासंघाने 'निरोगी सोसायटी' स्पर्धा जाहीर केली. शंभर गुणांपैकी मौखिक आरोग्याला वीस होते. रात्री दात घासल्याची नोंदवही ठेवल्यास दहा, दंतवैद्याकडून तपासणी झाल्यास पाच, आणि तपासणीची छायाचित्रे जोडल्यास पाच. दातांना स्वतंत्र गुण नव्हते.

आंब्रे कामाला लागले. लिफ्टशेजारी टेबल आले, टेबलावर जाड नोंदवही आली, नोंदवहीला सुतळीने बांधलेले पेन आले. फ्लॅट क्रमांक, नाव, रात्री दात घासले किंवा कसे, सही, शेरा. एक तारखेला बेचाळीसपैकी एकोणीस फ्लॅट्सनी सह्या केल्या. त्यावर आंब्र्यांनी परिपत्रक काढले, की सही न करणाऱ्यांची नावे फळ्यावर लावण्यात येतील. दोन तारखेला बेचाळीस. तीन तारखेला सकाळी आंब्रे खाली येऊन पाहतात तो तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत अख्ख्या इमारतीचे महिनाभराचे दात घासून झालेले. फ्लॅट ४०२ मधले कुटुंब त्या महिन्यात लग्नाला म्हणून पाच दिवस रत्नागिरीला गेले होते. त्या पाचही रात्री त्यांनी गोखिवऱ्यात दात घासल्याची नोंद आहे. आंब्र्यांनी स्वतःच्या सह्या एकाच बैठकीत केल्या. हाताला वळण होतेच.

अपवाद एकच. दुसऱ्या मजल्यावर मुलाकडे, स्टॅनीकडे, राहणारे गॅब्रिएल रुमाव सर. सर मूळचे वसई पश्चिमेच्या वाडीतले, हयात शाळेत शिकवण्यात गेलेली. अकरा वर्षांपासून त्यांच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कवळ्या. रोज झोपताना ते कवळ्या काढत, नळाखाली धरून मऊ ब्रशने सावकाश घासत, पाण्याच्या वाडग्यात ठेवत, आणि सकाळी खाली येऊन काल रात्रीची एक सही करत. म्हणजे ज्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, तेवढ्यांचीच नोंद खरी होती.

"सर, महिन्याच्या सगळ्या करून टाका ना," आंब्रे त्यांना म्हणाले. "रोज कशाला खाली उतरता?"

"काल घासले, आज सही. उद्याची आज कशी करू? उद्या मी असेन की नाही, ते त्या देवबापालाच ठाऊक."

"तुम्ही नसलात तरी दात असतील की, सर."

"हे मात्र खरं," सर हसले. "त्यांना कीड नाही आणि मरणही नाही." मग पेन खाली ठेवत म्हणाले, "पण श्रीरंग, एके काळी माझेही सगळे माझेच होते. एकाकडे दुर्लक्ष केलं. मग बाकीच्यांनी पाहिलं, की या घरात दुर्लक्ष चालतं."

आंब्र्यांनी हे बोलणे ऐकून घेतले. (उजव्या कोपऱ्यातून कोणतीही प्रतिक्रिया आली नाही.)

तपासणी नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला ठरली. वसई गावात दवाखाना असलेल्या डॉ. विनी डाबरे येणार होत्या. आंब्र्यांनी सूचना लावली, 'तपासणीच्या दिवशी सकाळी आठ ते पावणेदहा या वेळेत सर्व सभासदांनी कुटुंबीयांसह दात घासावेत. हयगय केल्यास संस्थेची नाचक्की होईल.' नाचक्की या शब्दाला मोगरा सोसायटी फार मानते. शनिवारी कोपऱ्यावरच्या दुकानातले सगळे ब्रश संपले. रविवारी आठच्या ठोक्याला बेचाळीस फ्लॅट्समधले नळ एकदम सुटले, वर्षभराचे घासणे पावणेदोन तासांत बसवायचे म्हणून माणसे हाताला जोर लावू लागली, आणि आठ पन्नासला गच्चीवरची टाकी कोरडी पडली. टँकरला फोन गेला. तो येईपर्यंत सर्व सभासद तोंडात फेस धरून बाल्कन्यांत उभे होते. सोसायटीच्या इतिहासात इतकी शांतता कोणत्याही सर्वसाधारण सभेला लाभलेली नाही.

डॉ. विनींनी दुपारपर्यंत त्रेसष्ट तोंडे पाहिली. निष्कर्ष खालीलप्रमाणे:

हिरड्यांना त्याच सकाळी झालेले ताजे ओरखडे: एक्कावन्न.
कालच विकत घेतलेला ब्रश: अडतीस.
तपासणीच्या वेळीही तोंडात पेस्ट: चार.
'आमच्याकडे सगळ्यांचे दात असेच आहेत' असे सांगणारे: सतरा.
स्वच्छ दात आणि उत्तम हिरड्या: एक. (सरांनी दात काढून हातात दिले.)

शेवटी डॉ. विनींनी सर्वांना खाली पार्किंगमध्ये जमवून सांगितले, "हे बघा, फार काही नाहीये. रात्री झोपायच्या आधी दोन मिनिटं, मऊ ब्रश, हळू हात. भांडी घासल्यासारखं हिरड्या घासू नका. रक्त येतं म्हणून घासायचं सोडू नका, तिथेच जास्त साफ ठेवायला हवं. ब्रशचे केस वाकले की बदला. आणि वर्षातून एकदा तरी, दुखत नसताना दाखवून जा."

"एवढंच?" कोणीतरी विचारले. आवाजात निराशा होती. लोक काहीतरी अवघड ऐकायच्या तयारीने आले होते. इतके सोपे आपल्याच्याने होणार नाही, हे प्रत्येकाला तिथल्या तिथे कळून चुकले.

या सगळ्या वेळात आंब्रे यादी हातात धरून उभे होते. यादी धरणाऱ्याची तपासणी होत नाही, हा नियम त्यांना अनुभवाने माहीत होता. डॉ. विनी हातमोजे काढू लागल्या तशा आशालताबाई म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांचं राहिलं."

"मी सचिव आहे," आंब्रे म्हणाले.

"सचिवांना पण दात असतात ना, काका? बसा."

आंब्रे बसले. डॉ. विनींनी विजेरीचा झोत तोंडात पाडला. मग आरशाच्या दांड्याने खालच्या उजव्या दाढेवर टकटक केले.

"लागतं?"

"अजिबात नाही," आंब्रे अभिमानाने म्हणाले.

"आधी दुखत होती?"

"जुलैपर्यंत. मग आपोआप बरी झाली. तक्रार मिटली."

"तक्रार मिटली नाही, काका. तक्रार करणारा गेला. आतली नस मेलीय. मुळाशी पू धरलाय बहुतेक, एक्स-रे काढला की कळेल."

आंब्र्यांनी चौतीस वर्षांत अनेक तक्रारी शांत झालेल्या पाहिल्या होत्या. त्या कशाने शांत झाल्या असतील, हा विचार त्यांच्या मनात त्या क्षणी पहिल्यांदा येऊन गेला. (तो फार वेळ थांबला नाही.)

"वाचेल का?" त्यांनी हळूच विचारले.

"या आठवड्यात आलात तर वाचेल. रूट कॅनल करू, वर टोपी बसवू. पण ती आतून पोकळ झालीय. तोवर त्या बाजूने कडक काही खायचं नाही."

"आठ महिने डावीकडूनच जेवतायत," आशालताबाई म्हणाल्या. "मी बोंबील भाजायचे बंद केले, पेरू किसून द्यायला लागले, भाकरी दुधात कुस्करून वाढते. एकदासुद्धा विचारलं नाही, का म्हणून."

"मला वाटलं, तुझी भाकरी सुधारली," आंब्रे म्हणाले.

त्या संध्याकाळी आंब्र्यांना दाढेविषयी माया दाटून आली. वयाच्या सहाव्या वर्षी ती रुजू झाली होती. साठ वर्षांची सेवा. एक रजा नाही, एक मागणी नाही, आणि तक्रार केली तीही यंदा, जेमतेम पाच महिने. लग्नातले मोतीचूर तिने चावले होते, आईच्या हातच्या कडक भाकऱ्या चावल्या होत्या, दोन पदोन्नत्या हुकल्या तेव्हा रात्रभर स्वतःशीच करकरली होती. हिला असे वाऱ्यावर सोडायचे नाही. सोमवारी जायचेच, असे त्यांनी नक्की केले.

सोमवारी महासंघाला अहवाल द्यायचा होता. मंगळवारी छायाचित्रे चिकटवायची होती. बुधवारी नोंदवहीच्या बेचाळीस पानांच्या साक्षांकित प्रती काढायच्या होत्या. आणि दातांच्या कामासाठीच धावपळ चालली असताना मध्येच दातांसाठी सुट्टी घेणे आंब्र्यांना शिस्तीला धरून वाटले नाही. आशालताबाई रोज म्हणत, "रिक्षा बोलावू?" आंब्रे रोज म्हणत, "निकाल लागू दे." आठवडा असा गेला. दुसराही गेला.

निकाल लागला. मौखिक आरोग्यात मोगरा सोसायटीला वीसपैकी वीस. परीक्षकांनी खास शेरा मारला होता, 'दिवसनिहाय सह्यांचे सातत्य वाखाणण्याजोगे. एकही खाडा नाही.'

बक्षीस समारंभ रविवारी सातिवलीला, एका कारखान्याच्या रिकाम्या गोदामात झाला. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र झाले. आता नेहमीप्रमाणे अध्यक्षांनी विजेत्याला स्वहस्ते पेढा भरवायचा होता. भरवल्याशिवाय आपल्याकडे अभिनंदन पूर्ण होत नाही आणि फोटोही लागत नाही. परंतु बक्षीस दातांचे असल्यामुळे महासंघाने सारासार विचार करून साखरेचा पेढा टाळला होता आणि आरोग्याला हितकारक अशी गुळाची शेंगदाणा चिक्की मागवली होती. चांगली अर्धा बोट जाड.

अध्यक्षांनी चिक्की आंब्र्यांच्या तोंडाशी नेली. आंब्र्यांनी शिताफीने मान फिरवून डावी बाजू पुढे केली.

"साहेब, तोंड इकडे," फोटोग्राफर म्हणाला. "उजवीकडून घ्या. डावीकडे खांब येतोय."

खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतून आशालताबाई अर्ध्या उठल्या. आंब्र्यांनी ते पाहिले. पण समोर महासंघाचे अध्यक्ष होते, मागे बॅनर होता, आणि वरिष्ठांनी दिलेले नाकारण्याचा त्यांना अनुभव नव्हता. त्यांनी उजवी बाजू पुढे केली.

"हं, आता चावा," फोटोग्राफर म्हणाला. "नीट चावा, साहेब. एकच घ्यायचाय."

आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. लोकांना वाटले चिक्की ताजी आहे.

यानंतर आंब्र्यांनी आभाराचे भाषण केले. ते चार वाक्यांचे होते आणि श्रोत्यांना फार आवडले. छायाचित्रात त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसते. महासंघाच्या स्मरणिकेत त्याखाली 'भावुक क्षण' असे छापले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशालताबाईंनी काही न विचारता रिक्षा बोलावली. डॉ. विनींनी एक्स-रे पाहिला आणि मान हलवली. "मुळापर्यंत चिरलीय, काका. परवापर्यंत आला असतात तरी..." आंब्र्यांनी डोळे मिटले. अर्ध्या तासात दाढ तीन तुकड्यांत बाहेर आली. कापसावर ठेवलेले ते तुकडे आंब्रे बराच वेळ पाहत राहिले. निरोप समारंभ नाही, घड्याळ नाही, श्रीफळ नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढून ते त्यात गुंडाळून घेतले.

"आणखी एक सांगायचंय," डॉ. विनी म्हणाल्या. "शेजारच्या दाढेला कीड लागलीय. ब्रश तिकडे पोचतच नव्हता ना इतके महिने. अजून वरवर आहे, नुसती भरली की झालं. पण टाळू नका. कधी येता?"

आंब्र्यांच्या तोंडात कापूस होता. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला, खिशाचे पेन काढले आणि सरावाच्या सुवाच्य अक्षरात लिहिले, 'सोमवारी.' खाली सहीही केली.

आशालताबाईंनी कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये टाकला, आणि त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आज सोमवारच आहे. तसंही सगळं बधिरच आहे त्यांचं. बसवा परत."

आंब्रे परत बसले. शेजारची दाढ पंचवीस मिनिटांत वाचली.

मोगरा सोसायटीत या घटनेबद्दल सर्वांना मनापासून वाईट वाटले, आणि आंब्र्यांनी यातून धडा घ्यायला हवा, यावर एकमत झाले. तपासणीच्या दिवशी डॉ. विनींना 'सोमवारी फोन करतो' असे सांगणाऱ्यांची संख्या एक्केचाळीस होती. त्यानंतर बरेच सोमवार झाले, फोन आलेला नाही. सुज्ञ वाचकांची गोष्ट अर्थात निराळी आहे. वाचता वाचता आपल्याला आपले एक काका किंवा एक मेहुणे आठवले असतील आणि हे त्यांना पाठवावे, असेही मनात आले असेल. जरूर पाठवा. डॉ. विनींच्या दवाखान्याचा नंबर इथे छापलेला नाही. इथवर आलेल्यांपैकी एकानेही तो विचारला नाही.